माग थांबले की खटका खाली

यंदाही वैशाख वेळेवर आला. सोलापुरात वेळेवर येणारी ती एकच गोष्ट. सकाळचा चहा होईतो अंगणातली फरशी तापते, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या करून ठेवाव्या लागतात, आणि दुपारी गल्लीतलं कुत्रंसुद्धा फक्त सावली बदलण्यापुरतं उठतं. अशाच एका दुपारी आमच्याकडे नवा टीव्ही आला. मुलानं पुण्याहून मागवून दिलेला, जवळजवळ भिंतीएवढा. त्याच्यासोबत एक लांबट काळी पट्टी, जिला साउंडबार म्हणतात, आणि हे सगळं बसवायला गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ. त्यांनी मला ‘सर’ म्हणत ‘घरबसल्या सिनेमाचा अनुभव’ या विषयावर छोटंसं भाषण केलं आणि शेवटी, दर्शन झाल्यावर पुजारी ताट पुढं करतो तितक्या सहजपणे, एक पांढरी डबी पुढं केली.

“सर, हा सर्ज प्रोटेक्टर घ्याच. लाइटचा काही भरवसा नसतो. एक झटका, की सगळं गेलं.”

“इथली लाइट स्थिर असते,” मी म्हणालो.

त्यांचा विश्वास बसला नाही. पिशवीतून मीटर काढून त्यांनी प्लगात घातलं. आकडा उमटला तो जागचा हलेना. ते जरासे हिरमुसले. मीही हिरमुसलो, पण माझं कारण वेगळं होतं. आकडा हलत नाही याचा अर्थ गल्लीत एकही माग चालू नाही. हे कळायला मला मीटरची गरज नव्हती. आमच्या घरात व्होल्टेज कानानं कळायचं.

आमची गल्ली पूर्व भागातली. समोर, शेजारी आणि पाठीमागे यंत्रमागाचे कारखाने. कारखाने म्हणजे काही भोंगा आणि धुराडं नव्हे. पत्र्याचं छत, आत टॉवेलांचे माग, दारात सुताच्या पोत्यांवर झोपलेलं मांजर. सकाळी माग सुरू झाले की खटक-खट, खटक-खट असा आवाज सुरू व्हायचा आणि मग तो आवाज आहे हेच आम्ही विसरून जायचो. माहेरपणाला आलेल्या मुली म्हणायच्या, “बाई, रात्री झोपच येत नाही, किती शांत असतं सासरी!” मागांच्या मोटारी सगळी वीज ओढून घ्यायच्या आणि उरलेल्या विजेवर आम्ही संसार करायचो. बल्ब जेवणाच्या वेळी तेवढा पिवळसर हसायचा. पंखा फिरायचा, पण वारा घालायचा की नाही हे त्याच्या मनावर असायचं.

अशा घरात माझ्या वडिलांनी होम थिएटर आणलं.

आप्पा एसटीच्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हाची गोष्ट. मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती, लग्न झालं होतं, बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. आप्पांनी आयुष्यात कधी चैनीची वस्तू मागितली नव्हती. एका रविवारी मला म्हणाले, “चल जरा. एक खोकं बघायचंय.” नव्या वस्तीतल्या एका काचेच्या दुकानात आम्ही गेलो. तिथं एक अंधारी खोली होती, तिच्यात सोफा, आणि सोफ्यावर बसवून विक्रेता ग्राहकाला काचा फुटल्याचे आणि हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्याचे आवाज ऐकवायचा. लोक खूश व्हायचे. पैसे मोजून हेलिकॉप्टर डोक्यावर आणायची हौस माणसाला का असते हे मला तेव्हाही कळलं नाही. आप्पांनी हेलिकॉप्टर पूर्ण जाऊ दिलं आणि पिशवीतून स्वतःची सीडी काढली. “आता हे लावा.”

ते भजन होतं. कधीकाळी आमच्याच ओसरीवर टेपरेकॉर्डरवर धरलेलं. गाणारे आप्पा, टाळावर गल्लीतली मंडळी आणि पखवाजावर नरसय्याकाका. कॅसेट झिजत चालली म्हणून आप्पांनी ती सीडीवर उतरवून घेतली होती. अंधाऱ्या खोलीत पाच भोंग्यांतून आप्पांचा तरणा आवाज आला. तो चांगला नव्हता, हे पाचही बाजूंनी सिद्ध झालं. पण सोफ्याशेजारी जमिनीवर ठेवलेल्या लाकडी खोक्यातून, ज्याला तिथं सबवूफर म्हणत होते, पखवाजाची ‘धुम’ आली आणि पायाखालची फरशी हलली. आप्पा वाकून त्या खोक्याकडे बघत राहिले.

“हेच,” ते म्हणाले.

“काका, याच्यावर ॲक्शन पिक्चर एकदम—” विक्रेता सांगू लागला.

“पिक्चर तुम्ही बघा. मला खोकं बांधून द्या.”

खोकं एकटं विकत नसल्यामुळे पाच भोंगेही घ्यावे लागले. आमच्या पुढच्या खोलीत ते बसवणं हा एक सोहळाच झाला. मागचे दोन स्पीकर श्रोत्यांच्या मागे हवेत असं माहितीपत्रक सांगत होतं, पण आमच्याकडे श्रोत्यांच्या मागे लगेच स्वयंपाकघर लागायचं. त्यामुळे एक स्पीकर फ्रिजवर गेला आणि एक लोणच्याच्या फळीवर. आई म्हणाली, “पाच कर्णे आणि एक पेटारा. आता फक्त वरात निघायची राहिली.”

संध्याकाळी आप्पांनी बटण दाबलं. निळा दिवा लागला, भजनाची पहिली ओळ सुरू झाली आणि दिवा मिटला. पुन्हा लागला, पुन्हा मिटला. समोरच्या कारखान्यात माग धडधडत होते. एवढ्या विजेत आमचा पंखा कसाबसा जगत होता, हे नाजूक परदेशी यंत्र काय जगणार? दुकानदारानं मग आपोआप चालणारा स्टॅबिलायझर पाठवला. तो व्होल्टेज सांभाळायचा, पण प्रत्येक चढउताराला आतून ‘टक्’ करायचा आणि आमच्याकडे चढउताराला खंड नव्हता. आप्पांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो परत पाठवला. “हा मधेच टाळ्या वाजवतो,” ते म्हणाले, “आणि त्याही बेताल.”

शेवटी आप्पा शुक्रवार पेठेत इक्बालभाईकडे गेले. इक्बालभाईचं दुकान म्हणजे दोन पायऱ्या आणि एक टेबल. मोटारी, पंखे, मिक्सर, जे जळेल त्याचं वाइंडिंग तो पुन्हा भरून द्यायचा. त्यानं हातानं तांब्याची तार गुंडाळून एक बूस्टर बनवला. पत्र्याची पेटी, वर काट्याचं मीटर, आणि बाजूला गोल फिरणारा खटका. खटका जितका वर, तितकं व्होल्टेज वाढवून मिळणार.

“हौ आप्पा, अब सुनो,” इक्बालभाई म्हणाला. “तुमच्या गल्लीत माग चालू असले की खटका वर. पण माग थांबले ना, की लाइट उडी मारते. मारती तो मारने दो, पण खटका वर राहिला तर हा डब्बा तिला अजून वर ढकलणार. मग सगळं भाजी. तेव्हा, माग थांबले की खटका खाली. बस, इतनाच कुराण.”

“आणि विसरलो तर?”

“तर माझं दुकान हायेच की इथं.”

त्या उन्हाळ्यात आमचं घर या एका नियमावर चाललं. दुपारी जेवणाला माग थांबायचे, संध्याकाळी पाळी बदलताना थांबायचे, सूत संपलं की थांबायचे. आणि गल्लीत कुणी गेलं की थांबायचे. ही तिथली रीतच होती. निरोप नाही, फोन नाही. पहिल्या कारखान्यातले माग अवेळी थांबले की शेजारचा ‘का?’ म्हणून विचारत नसे, तोही थांबवायचा. गल्लीला अशी बातमी शांततेनंच कळायची. जगातली माणसं मोठा आवाज झाला की दचकतात. आम्ही आवाज थांबला की दचकायचो. पोळ्या लाटता लाटता आई पिठाच्या हातानं धावायची, त्यामुळे खटक्यावर कायम पीठ असायचं. एकदा आप्पांचे एक दूरचे मावसभाऊ पुण्याहून आले होते. आपल्या नव्या फ्लॅटमध्ये लिफ्टला बॅकअप आहे हे ते सविस्तर सांगत होते. ऐन वाक्यात माग थांबले आणि आम्ही तिघेही एकदम उठून आतल्या कोपऱ्याकडे धावलो. ते बिचारे भूकंप समजून दारात जाऊन उभे राहिले.

नरसय्याकाका आले ते हे खोकं बघायला.

ते समोरच राहायचे. आप्पांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि रागावले की दोन्ही. जन्म टॉवेलांच्या मागावर गेला होता आणि त्या खटक-खटमध्ये कधीतरी त्यांचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे, मग सगळेच. भजनात एका गुरुवारी त्यांचा पखवाज आप्पांच्या मागे पडला, पुढच्या गुरुवारी आणखी मागे, आणि त्यानंतर ते आलेच नाहीत. पखवाज त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. आप्पांनी दुसरा पखवाजवाला शोधला नाही. भजन बंद झालं. त्याविषयी दोघे कधी बोलले असतील असं मला वाटत नाही. अशा गोष्टी बोलायला ऐकू यावं लागतं, आणि ऐकू येत असतं तर बोलायचं कारणच नव्हतं.

“काय बे आप्पा, दुकान मांडलंस की!” भोंग्यांकडे बघत ते मोठ्यानं म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

आप्पांनी सीडी लावली, काकांचा हात मनगटाशी धरला आणि त्यांचा पंजा खोक्यावर पालथा ठेवला.

काकांच्या चेहऱ्याचं काय झालं ते सांगता येणार नाही. आधी त्यांनी हात काढून घेतला, तव्यावर पडावा तसा. मग स्वतःच पुन्हा ठेवला. डोळे मिटले. त्यांची मान हलू लागली.

“वाजतंय की बे,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. “ह्यो मी हाय?”

आप्पांनी मान डोलावली.

थोड्या वेळानं काका एकदम हसले. “हितं! हितं तू चुकलास बघ. मी समेवर हाय. तू आधीच येऊन बसलास!”

हे ऐकताच आप्पा खवळले. कारण हे भांडण जुनं होतं. त्या भजनात शेवटाकडे एका जागी गाणारा आणि पखवाज समेवर वेगवेगळे पोहोचतात. कोण चुकलं, यावर त्या रात्रीपासून वाद होता. आप्पा म्हणायचे, नरसय्यानं एक मात्रा जास्त घातली. काका म्हणायचे, आप्पानं एक खाल्ली. दोघांनी तो वाद जपला होता, काही घरांत देवाची भांडी जपतात तसा. कान गेले आणि वाद अर्धवट राहिला. आता इतक्या वर्षांनी काका तळहातावर पुरावा घेऊन परत आले होते.

“मात्रा पुरी हाय माझी. मोजून दावतो.”

“तुला ऐकू येत नाही, तू काय मोजतोस!” आप्पा ओरडले.

“काय म्हंतोय?” काकांनी मला विचारलं.

“पुन्हा लावतो म्हणतात,” मी बोट गोल फिरवून खुणेनं सांगितलं.

त्या दिवसापासून काका रोज येऊ लागले. मग एका संध्याकाळी पखवाज घेऊनच आले. आईनं त्याच्या डाव्या तोंडाला लावायला कणीक भिजवून दिली, आणि “पोळ्यांना कमी पडली तर दोघं पखवाज खा,” असंही सांगितलं. दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, मग खोकं लागणार कुठं? मी खुणेनं सुचवलं, पाऊल टेकवा. काकांनी जीभ चावली. “भजन येतंय त्यातनं. पाय कसा लावू?” मग त्यांनी मांडी घालून गुडघा टेकवला. गुडघ्यातून आपलाच जुना ठेका घ्यायचा आणि त्यावर आजचा धरायचा. पहिल्यांदा सगळं विस्कटलं. हळूहळू जमू लागलं. आप्पा शेजारी बसून हलकेच गायचे, आणि त्यांचं गाणं ज्याला ऐकू येत नाही असा एकमेव माणूस त्यांना साथ करायचा. आई म्हणायची, म्हणूनच जमतंय.

मला त्या उन्हाळ्याच्या सगळ्या वासांत हा एक वास वेगळा काढता येतो: ओल्या कणकेचा, तापलेल्या बूस्टरच्या वॉर्निशचा आणि कूलरमधल्या वाळ्याचा. आता यातलं काही एकत्र भेटत नाही. वाळा अजून मिळतो.

आप्पा खोक्याला इतके जपत होते की आई त्याला धाकटा म्हणायची. “धाकट्याला ऊन लागेल, पडदा ओढा.” पण आप्पा काय जपत होते हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पाच भोंगे जळले असते तर त्यांनी मागे वळून बघितलं नसतं. त्या खोक्यात नरसय्याकाकांचा कान होता.

आणि मग व्हायचं ते झालं. दुपारची वेळ. मी ऑफिसात, आई पिठाच्या गिरणीत, आप्पा पोस्टात. काका एकटेच, खोक्यावर पंजा ठेवून डोळे मिटून बसलेले. तीन घरं सोडून असलेल्या कारखानदाराची म्हातारी आई त्या दुपारी गेली. पहिल्या कारखान्यातले माग थांबले, मग दुसऱ्यातले, मग सगळेच. गल्लीतल्या पोराबाळांनासुद्धा ती शांतता ऐकू आली. ती ज्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं असा एकच माणूस गल्लीत होता, आणि तोच बूस्टरशेजारी बसला होता. घरात इतका कडक नियम. पण तो पाळायला कान लागतात, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढचं काकांनीच नंतर सांगितलं. म्हणाले, पंज्याला एकदम काहीतरी लागलं. पखवाजाच्या खाली, सलग, न तुटणारं. “तंबोऱ्यावानी बे. सूर लागला हाताला. मला वाटलं, कान उघडायला लागले.” ते “आप्पा, आप्पा!” म्हणून हाका मारत सुटले. तो आतला ट्रान्सफॉर्मर होता. जास्तीच्या विजेनं घुमत होता, जळण्याआधी घुमतो तसा. मग धुराचा वास आला, आणि काकांचं नाक शाबूत होतं.

आप्पा पोस्टातून आले तेव्हा काका आमच्या उंबऱ्यावर बसले होते, उजवा हात डाव्या हातात धरून, जणू गुन्हा त्या हातानं केला होता. आप्पांनी काही म्हणायच्या आत उठले आणि समोर घरात निघून गेले. आईनं मागून नेऊन दिलेला चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. पखवाज आमच्याकडेच राहिला होता. त्याच्यावरची कणीक वाळून तडकली.

आप्पा जळालेला सगळा पसारा रिक्षात घालून इक्बालभाईकडे घेऊन गेले. त्यानं झाकण उघडून वास घेतला, वैद्य नाडी बघतो तसा.

“मोठा डब्बा खल्लास. पाच भोंगे आता भिंतीची शोभा. ये लाकडी खोका बचता, त्याचं आतलं वाइंडिंग मी भरून देतो, एक जुना सीडी प्लेअर जोडून देतो. पण एकट्या खोक्यातून गाणं नक्को ऐकू येणार, आप्पा. फक्त धुमधुम.”

“तेवढंच पाहिजे.”

“कैकू?”

“ऐकणाऱ्याला तेवढंच येतं.”

इक्बालभाईनं या खेपेला कट-ऑफ बसवून दिला. लाइट वर गेली की सगळं आपोआप बंद. प्रश्न राहिला काकांना आणायचा. आप्पा आमच्या पायरीवर उभे राहिले, काका त्यांच्या. मध्ये गल्ली आणि मागांचा गडगडाट. पण मागवाल्यांना आवाजाची गरज नसते. कारखान्यात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही म्हणून त्यांची एक हातांची बोली असते, आणि आप्पांना ती शेजारधर्मानं येत होती. आप्पांनी हातानं ‘ये’ केलं. काकांनी दोन्ही मनगटं जुळवून दाखवली, हात बांधलेत म्हणून. आप्पांनी अंगठा ओठाला लावला, चहा. काकांनी तोंड फिरवलं. मग आप्पांनी जोरात टाळी वाजवली, ती अर्थात काकांना ऐकू आली नाही, पण त्यांच्या सुनेनं, पद्मानं, त्यांना खांदा धरून वळवलं. आप्पांनी दोन बोटं जुळवून ताडकन लांब केली. म्हणजे धागा तुटला. काका बघत राहिले. आप्पांनी दोन चिमट्या जुळवून पीळ दिला. गाठ मारली, माग चालू कर. मागावरची ही रोजची खूण. दिवसातून कितीदा तरी होत असेल. काका पायरी उतरून गल्ली ओलांडून आले.

कट-ऑफ मात्र टिकला नाही. आमच्या गल्लीत तो सारखा पडायचा. भजन मध्येच थांबायचं आणि काका पंजा उचलून त्याच्याकडे बघायचे, आता हाही गेला की काय, अशा नजरेनं. आप्पांना ते दोनदा बघवलं, तिसऱ्यांदा नाही. त्यांनी इक्बालभाईला बोलावून कट-ऑफ काढून टाकायला लावला.

“पुन्हा जळला तर माझ्या नावानं नक्को रडू.”

“मी बसतो की जवळ.”

तेव्हापासून आप्पा स्वतःच कट-ऑफ झाले. काका खोक्याशी, आप्पा खटक्याशी. पोस्ट बंद, बाजार बंद. पंख्याखाली दोन म्हातारे. एक डोळे मिटून हातानं ऐकतोय आणि दुसरा, गाणं लागलेलं असताना गाण्याकडे नव्हे, समोरच्या कारखान्याकडे कान लावून बसलाय.

हे सगळं मला त्या ओळखपत्रवाल्या गृहस्थांना सांगता आलं असतं. त्यांनी ‘सर’ म्हणत ऐकूनही घेतलं असतं. पण मी मुकाट्यानं त्यांची पांढरी डबी घेतली. कारखाने केव्हाच गावाबाहेर चिंचोळीकडे गेले, काही बंद पडले. समोर आता व्यायामशाळा आहे, तिथं तरुण मंडळी वजनं उचलून मोठ्यानं खाली टाकतात. त्यानं व्होल्टेजला काही होत नाही. आईआप्पाही गेले. नव्या पट्टीतून हेलिकॉप्टर फार सुंदर येतं असं मुलगा फोनवर म्हणाला. मी हो म्हटलं.

त्या उन्हाळ्यात ज्येष्ठ लागला आणि काकांनी अंथरूण धरलं. छातीत आयुष्यभराचं सूत साठलेलं, डॉक्टर तरी काय करणार. घरी न्या म्हणाले. काका गल्ली ओलांडून येऊ शकेनात तेव्हा खोकं गल्ली ओलांडून गेलं. मी आणि त्यांच्या मुलानं ते धरून नेलं, मागून बूस्टर छातीशी धरून आप्पा. लोखंडी खाटेखाली खोकं ठेवलं, पायथ्याला बूस्टर. काकांचा हात खाटेवरून खाली सोडला की बरोबर खोक्यावर टेकायचा. आजाऱ्याच्या उशाशी धुमधुम नको म्हणून आप्पांनी आवाज इतका बारीक ठेवला होता की तो खोलीत कुणालाच ऐकू येत नव्हता. फक्त हाताला.

“आप्पा, जेवून या की,” पद्मा म्हणायची. “मी बसते हितं.”

“तू जेव. तुला मागांचं नाही कळायचं.”

“माझा जन्म गेला मागांत!”

“म्हणूनच,” आप्पा म्हणायचे. “तुला ते ऐकूच येत नाहीत आता.”

अधूनमधून काका डोळे उघडून आप्पांकडे बघायचे, आणि हात खालीच ठेवून दुसऱ्या हाताची बोटं एकेक मिटायचे. मात्रा मोजून दाखवायचे. आप्पा मानेनं नाही म्हणायचे.

ते गेले ती ज्येष्ठातली दुपार होती. आभाळ भरून आलं होतं आणि पडत नव्हतं. मी नेमका घरी होतो. मला पद्माचा हंबरडा आधी ऐकू आला नाही. मला माग थांबलेले ऐकू आले. समोरचे, शेजारचे, पाठीमागचे. मी गेलो तोवर खोली माणसांनी भरली होती. बायका रडत होत्या. आप्पा उशाशी उभे होते, कोरडे, काय झालंय ते न कळल्यासारखे. गल्लीत कुठल्याही मयतीला पोहोचून दोन शब्द बोलणारे एक कार्यकर्ते होते, तेही आले होते आणि घसा साफ करत होते.

तेवढ्यात आप्पा दचकले. तसे दचकलेले मी त्यांना त्या उन्हाळ्यात किती वेळा पाहिलं होतं. बायकांमधून वाट काढत ते पायथ्याकडे गेले आणि गुडघे टेकून खाली वाकले, पार कपाळ खाटेला लागेपर्यंत.

सगळ्यांच्या माना वळल्या. “वयानं मोठा माणूस धाकट्याच्या पाया पडतोय,” कार्यकर्ते भरल्या आवाजात म्हणाले. “याला म्हणतात मैत्री.” दोघांतिघांनी डोळे पुसले. त्यांच्यामागून आणखी एकानं पुढं होऊन पाया पडायची तयारी केली.

मी दाराशी होतो, तिथून मला खाटेखालचं दिसत होतं. आप्पांचा हात बूस्टरवर होता. खटका एकेक घर खाली येत होता, आणि मीटरचा काटा, जो टोकाला जाऊन थरथरत होता, तो मागे सरकत होता. खोक्यावरचा निळा दिवा लागलेलाच होता. इतक्या रडारडीत ते भजन चालूच होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

काटा स्थिर झाला. आता आप्पा उठतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी पंजा खोक्यावर पालथा ठेवला, काकांचा हात असायचा त्याच जागी. ती सीडी त्यांनी हजारदा ऐकली असेल, पण भोंगे होते तोवर वर त्यांचा स्वतःचा आवाज असायचा आणि नंतर कान मागांकडे. या वेळी दोन्ही नव्हतं. त्यांचे ओठ हलू लागले. लोकांना वाटलं, नामस्मरण. ते मोजत होते.

मी पुढं होऊन त्यांच्या खांद्याला धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाटेकडे पाहून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, काकांशी नेहमी बोलायचे तसं, ते म्हणाले, “मात्रा पुरी होती बे तुझी.”